खोली अंधारी हवी, कोंदट नको: दाराच्या फटीतून येणारा उजेड कसा अडवावा

तिसऱ्या पाळीवरून सकाळी सात-साडेसातला घरी येणाऱ्या माणसाची रात्र तेव्हा सुरू होते, जेव्हा घरातल्या बाकीच्यांचा दिवस सुरू झालेला असतो. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा या औद्योगिक वसाहतींमुळे छत्रपती संभाजीनगरात असे हजारो जण आहेत. त्यात घाटीतल्या आणि खासगी रुग्णालयांतल्या परिचारिका, सुरक्षारक्षक, एसटीचे चालक यांची भर घाला. झोप होत नाही म्हणून गोळी मागायला येणाऱ्यांत या मंडळींचा मोठा वाटा असतो. खिडकीला जाड पडदा लावलेला असतो, फोन बंद असतो, तरी हॉलमधला उजेड दाराखालून आणि चौकटीच्या कडेने आत येत राहतो.

या लेखात त्या दाराबद्दल सांगायचे आहे. डॉक्टरने सुतारकामात का पडावे, असे वाटेल. कारण दोन आहेत. एक, झोपेच्या गोळीआधी खोलीतला अंधार तपासणे हा योग्य क्रम आहे. दोन, उजेड अडवण्याच्या नादात लोक खोली हवाबंद करून टाकतात आणि त्याचे परिणाम झोप न होण्यापेक्षा वाईट असू शकतात.

थोडक्यात उत्तर हवे असेल तर असे: आधी खिडकी आणि हॉलमधला दिवा बघा, मग दाराखाली ब्रशची पट्टी आणि बाहेर गडद पायपुसणे, चौकटीच्या खाचेत पातळ पट्टी, आणि आतून दारावर लांब पडदा. दार दिसायला जसेच्या तसे राहते. हवेची एक वाट मात्र नेहमी मोकळी ठेवायची.

एवढ्याशा उजेडाने काय होते?

आपल्या डोळ्यात पाहण्यासाठी असलेल्या पेशींखेरीज आणखी एका प्रकारच्या पेशी आहेत, ज्यांचे काम फक्त 'बाहेर दिवस आहे की रात्र' हे मेंदूला कळवणे एवढेच म्हणता येईल. त्यांचा शोध अलीकडचा, २००२ सालचा. त्यांच्यात मेलानोप्सिन नावाचे रंगद्रव्य असते आणि ते निळसर उजेडाला सर्वाधिक प्रतिसाद देते. या पेशींचा निरोप मेंदूतल्या मुख्य घड्याळाकडे जातो आणि ते घड्याळ मेलाटोनिन या संप्रेरकाचे प्रमाण ठरवते. अंधार पडला की मेलाटोनिन वाढते, उजेड पडला की दबते.

बंद पापणी बराच उजेड अडवते, पण सगळा नाही. २०२२ साली शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात २० निरोगी तरुणांवर एक छोटा प्रयोग झाला. काहींना एक रात्र १०० लक्स उजेडात झोपवले, म्हणजे साधारण दिवा लावलेल्या खोलीइतका. बाकीचे जवळजवळ पूर्ण अंधारात झोपले. उजेडात झोपलेल्यांच्या हृदयाचे ठोके रात्रभर थोडे जास्त राहिले आणि सकाळी त्यांच्या शरीरात इन्सुलिनला होणारा प्रतिरोध वाढलेला आढळला. प्रयोग लहान होता आणि एकाच रात्रीचा होता, हे लक्षात ठेवायचे. त्याच वर्षी या विषयातल्या तज्ज्ञांच्या एका गटाने झोपेच्या वेळी डोळ्यांपाशी पोहोचणारा उजेड १ लक्सच्या आत असावा अशी शिफारस केली. पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड यापेक्षाही कमी असतो.

आता दाराच्या फटीचा हिशेब. रात्री हॉलमधला दिवा लागलेला असताना दाराखालून येणारी रेघ बहुतेकांच्या बाबतीत आजाराचे कारण नसते, ती फक्त त्रासदायक असते. शांत झोप लागत असेल तर तिच्या मागे लागू नका. दिवसा झोपणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. बाहेर उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो. त्यातला अगदी छोटा हिस्सा हॉलच्या खिडकीतून, पांढऱ्या भिंतींवरून आणि चकचकीत फरशीवरून उसळत दाराशी पोहोचला, तरी तो रात्रीच्या दिव्यापेक्षा पुष्कळ असतो. शिवाय दिवसा शरीराचे घड्याळ आधीच 'उठ' म्हणत असते. त्याला आणखी पुरावा द्यायची गरज नाही.

दाराआधी या दोन गोष्टी

पहिली खिडकी. खिडकीतून उजेड येत असेल तर दाराची फट बुजवून काही उपयोग नाही. पडदा खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंनी वीतभर रुंद आणि वर दांडीच्याही वर जाईल असा हवा.

दुसरा हॉलमधला दिवा. रात्री झोपणाऱ्या मुलांच्या किंवा आजारी माणसाच्या खोलीबाहेर पांढरी लख्ख ट्यूब जळत असेल, तर ती बंद करून कोपऱ्यात कमी वॅटचा पिवळसर दिवा लावा. दारासमोरचा दिवा बाजूच्या भिंतीवर नेला तरी फटीतून येणारी धार मोडते. यात दाराला हातही लागत नाही. टीव्ही दाराच्या अगदी समोर असेल तर त्याची हलती निळी झाक थांबवायचा खरा उपाय टीव्हीची जागा बदलणे हाच आहे, आणि तो घरात कुणालाच पटत नाही याची मला कल्पना आहे.

एवढे केल्यावर फट शोधा. ज्या वेळी झोपायचे असते त्याच वेळी शोधा. दिवसा झोपणाऱ्याने भर दुपारी, रात्री झोपणाऱ्याने हॉलमधले दिवे चालू असताना. खोलीत जाऊन दार लावा आणि दहा-पंधरा मिनिटे तसेच बसा, कारण डोळे अंधाराला सरावायला वेळ घेतात. आत शिरल्या शिरल्या 'काही दिसत नाही, अंधारच आहे' असे वाटते. पंधरा मिनिटांनी कपाटावरचे स्टिकर वाचता येते. मग उशीवर डोके ठेवून बघा. उभ्याने दिसणारी फट झोपल्यावर दिसत नसेल तर तिच्यावर पैसे घालवू नका. उलट दाराखालची फट पलंगावरून नेमकी डोळ्यांच्या रेषेत येते, विशेषतः गादी जमिनीवर असेल तेव्हा. हात पूर्ण लांब करून बोटे मोजता येत असतील, तर अजून काम बाकी आहे असा माझा ठोकताळा. मोबाइलवरची उजेड मोजणारी अ‍ॅप इतक्या कमी उजेडात भरवशाची नसतात.

उजेड अडवायचा, हवा नाही

दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी तुम्ही पाहिली असेल. वळणावळणाचा तो बोगदा भर दुपारीही काळामिट्ट असतो. तो वळत वळत जातो. प्रकाश सरळ जातो, भिंतीवर आपटतो, प्रत्येक आपटण्यात थोडा शोषला जातो आणि दोन-तीन वळणांत संपतो. हवेला वळणाची अडचण नसते. पूर्वी फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीतही हेच करत: एकामागे एक दोन काळे पडदे, मध्ये माणूस जाईल एवढी वाट.

आपल्या दाराला हेच तत्त्व लावायचे आहे. फट बुजवण्यापेक्षा तिच्या वाटेत एक-दोन वळणे आणि गडद, खरखरीत पृष्ठभाग आणायचे. याची गरज तीन कारणांनी आहे.

पहिले कारण आपल्या शहराचे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि बहुतेक घरांत एसी नव्हे, कूलर असतो. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून आत ढकलतो. ती हवा दुसरीकडून बाहेर पडली पाहिजे, तरच तो गारवा देतो. खोलीचे दार रबराने घट्ट बंद केले तर अर्ध्या तासात खोली दमट होते, अंग चिकचिकते आणि अंधार असूनही झोप लागत नाही. मग लोक म्हणतात, कूलर बिघडला.

दुसरे कारण एसीचे. घरातला नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आणत नाही, आतलीच हवा थंड करून फिरवतो. एका छोट्या खोलीत तीन-चार माणसे, सगळ्या फटी बुजवलेल्या आणि एसी चालू, अशा खोलीत सकाळी डोके जड होऊन जाग येणे स्वाभाविक आहे.

तिसरे कारण सर्वांत गंभीर. ज्या खोलीत काहीही जळते, ती खोली कधीही हवाबंद करू नका. हिवाळ्यात शेगडी, निखाऱ्यांची घमेली किंवा झोपण्याच्या खोलीला जोडलेल्या बाथरूममधला गॅस गीझर यांतून कार्बन मोनॉक्साइड निघू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गुंगी अशी लक्षणे येतात. आणि झोपलेल्या माणसाला ती जाणवतच नाहीत. गॅस गीझर असलेल्या बाथरूमचा झरोका उजेड येतो म्हणून बुजवणे हा जिवाशी खेळ आहे. तिथे उजेड अडवायचा असेल तर बाथरूमच्या दारावर आतल्या खोलीकडून पडदा टाका, झरोक्याला हात लावू नका. गीझरच शक्यतो बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्या. असा त्रास घरात कुणालाही झाल्यास आधी सगळ्यांना बाहेर काढा, दारे-खिडक्या उघडा आणि १०८ ला फोन करा.

डास घालवायची कॉइलही याच यादीत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघणाऱ्या कणांइतके आढळले होते. खोलीच्या फटी बुजवणार असाल तर कॉइल बंद आणि मच्छरदाणी सुरू. मच्छरदाणी थोडासा उजेडही अडवते, हा फायदा वेगळा.

दाराखालची फट

सर्वांत जास्त उजेड इथून येतो आणि सर्वांत जास्त खटाटोपही इथेच होतो. फ्लॅटमधल्या आतल्या दारांना उंबरठा नसतो. फरशी नंतर बसली, दार आधी कापले, असे होऊन पाव इंचापासून बोटभरापर्यंत फट राहते. त्यात फरशी गुळगुळीत, चकचकीत आणि पांढरी. ती आरशासारखे काम करते आणि हॉलमधला उजेड दाराखालून थेट पलंगापर्यंत सरकवते.

म्हणून पहिला उपाय दाराला नाही, फरशीला. दाराच्या बाहेरच्या बाजूला, पल्ल्याच्या अगदी कडेला भिडवून गडद रंगाचे, खरखरीत पायपुसणे किंवा सतरंजीचा तुकडा टाका. झोपायच्या खोलीची दारे आतल्या बाजूला उघडतात, त्यामुळे बाहेरचे पायपुसणे दाराच्या आड येत नाही. आतल्या बाजूलाही पातळ सतरंजी टाकली तर उरलेला उजेड तीही शोषते, फक्त दार तिच्यावरून सहज फिरले पाहिजे. पायपुसण्याखाली रबराची जाळी हवी, नाहीतर घरातले म्हातारे माणूस त्यावरून घसरेल.

हे पुरले नाही तर ब्रशची पट्टी. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्टीत नायलॉनचे दाट केस बसवलेले असतात. हार्डवेअरच्या दुकानात दाराच्या रुंदीची मिळते, जास्तीची करवतीने कापून देतात. ती खोलीच्या आतल्या बाजूने, पल्ल्याच्या तळाला लावायची. हॉलमधून दार पाहणाऱ्याला काहीही दिसत नाही. केस फरशीला जेमतेम टेकले पाहिजेत, वाकता कामा नयेत. वाकले की महिनाभरात तशीच वाकडी वळणे घेतात आणि मधून उजेड येतो. पट्टी तपकिरी, काळी, पांढरी आणि चंदेरी अशा रंगांत मिळते. सागवानी रंगाच्या सनमायक्यावर चंदेरी पट्टी भांड्याच्या कडीसारखी उठून दिसते, तेव्हा तपकिरी मागा. कूलर असलेल्या घरांसाठी मी ब्रशच सुचवतो, कारण केसांमधून हवा झिरपते आणि उजेड बहुतांशी थांबतो.

ऑनलाइन सर्वांत जास्त विकली जाते ती दुहेरी कापडी नळी: दाराच्या आत एक, बाहेर एक, मध्ये जोडकापड. खिळा-स्क्रू लागत नाही, म्हणून भाड्याच्या घरात सोयीची. उजेड छान अडतो. मात्र हवाही जवळपास तितकीच अडते, आणि रोज फरशी पुसताना ती ओली होऊन आठ दिवसांत कुबट वास मारायला लागते. दम्याच्या किंवा सर्दीच्या रुग्णांच्या खोलीत मला ती आवडत नाही. वापरायचीच तर कव्हर काढून धुता येईल अशी घ्या आणि उठल्यावर बाहेर काढून वाळवा.

आणखी एक प्रकार आहे, थोडा महाग आणि सुतार लागणारा. दाराच्या तळाला आतून खाच पाडून त्यात स्प्रिंगची रबरी पट्टी बसवतात. दार लागताना बिजागरीकडच्या कडेला असलेले बटण चौकटीवर दाबले जाते आणि पट्टी आपोआप खाली उतरते. दार उघडले की वर जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. भरीव फ्लश डोअरला हे जमते, पोकळ दाराला तळ पोखरल्यावर धोका असतो. रबर फरशीला घट्ट बसते, त्यामुळे हवेसाठी दुसरा झरोका असेल तरच हा प्रकार घ्या.

आणि घरोघरचा उपाय, गुंडाळलेली वाकळ. फुकट आहे, उत्तम चालते. पण ती आतून लावून झोपलेल्या माणसाच्या खोलीत घाईने कुणाला यावे लागले, किंवा तोच झोपेत उठून बाहेर निघाला, तर पायात येते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारे, अपस्माराचे रुग्ण, गरोदर स्त्रिया यांच्या दाराशी असा अडथळा ठेवू नये.

चौकटीच्या कडा

कडेची फट दिसली की लोक फोमची टेप आणतात. थांबा. आधी दार आणि चौकट नीट पाहा. चौकटीला आतून एक खाच असते आणि बंद झालेला पल्ला त्या खाचेच्या काठावर टेकतो. तो सगळीकडून नीट टेकला तर उजेडाला वळण घ्यावे लागते आणि तो आत येत नाही. पल्ला टेकत का नाही, हा खरा प्रश्न.

बऱ्याचदा लॉकची जीभ ज्या पत्र्याच्या पट्टीत जाते, ती चौकटीवर दोन-तीन मिलिमीटर पुढे बसलेली असते. त्यामुळे दार लागते, पण खुळखुळते. ती पट्टी सरकवून बसवली की पल्ला घट्ट टेकतो, फट मिटते आणि वाऱ्याने दार वाजणेही बंद होते. दिवसा झोपणाऱ्यासाठी आवाज थांबणे हा उजेड थांबण्याइतकाच मोठा लाभ आहे. दुसरे कारण वरची बिजागरी ढिली होणे. पल्ला लोंबतो आणि वरच्या कोपऱ्यात तिरकी फट पडते. स्क्रू फिरतच राहत असेल तर भोकात फेव्हिकॉल लावलेल्या दोन-तीन काड्यापेटीच्या काड्या ठोका, वाळू द्या, मग स्क्रू पिळा. सुतारही हेच करतो.

यानंतरही फट उरली तरच पट्टी. दोन-तीन मिलिमीटर जाडीची फोमची किंवा फेल्टची पट्टी शंभर-दोनशे रुपयांत मिळते. ती पल्ल्याच्या दर्शनी भागावर किंवा चौकटीच्या बाहेरून लावू नका. खाचेच्या ज्या काठावर पल्ला येऊन टेकतो, तिथे आतून लावा. दार बंद असताना ती कोणत्याच बाजूने दिसत नाही, उघडल्यावर फक्त एक बारीक रेघ दिसते. लाकडी रंगाच्या दाराला तपकिरी किंवा काळी, पांढऱ्या दाराला करडी. पांढरी पट्टी पांढऱ्या दाराला शोभते असे वाटते, पण ती लवकर मळते आणि उजेडही परतवते. लावण्याआधी जागा स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी होऊ द्या. लावताना पट्टी ताणू नका, ताणलेली पट्टी नंतर आकसते आणि कोपरे उघडे पडतात. बिजागरीच्या बाजूला विशेष काळजी हवी: पट्टी बिजागरीच्या पत्र्याच्या रेषेत बसली तर दार पूर्ण लागत नाही, परत उघडते आणि स्क्रू उपटतात.

पट्टी किती जाड घ्यायची हे ठरवताना पावसाळा आठवा. मेमध्ये सुकलेले लाकूड जुलै-ऑगस्टमध्ये फुगते. उन्हाळ्यात नेमकी बसलेली जाड पट्टी पावसाळ्यात दार लागू देत नाही. मग सुताराला बोलावून रंधा मारला जातो आणि डिसेंबरमध्ये फट पूर्वीपेक्षा मोठी होते. म्हणून दाबली जाणारी, मऊ आणि पातळ पट्टी घ्या. पल्ल्याची वरची आणि खालची कड बहुतेक घरांत रंग-पॉलिशविना कोरडीच राहिलेली असते, ओल तिथूनच शिरते. उन्हाळ्यात दार उतरवून त्या दोन कडांना पॉलिश किंवा रंग दिला तर फुगणे बरेच कमी होते.

वरची काच, किल्लीचे भोक आणि जुनी दारे

सिडको-हडकोच्या जुन्या घरांत आतल्या दारांवर काचेचा झरोका असतो. तिथून येणारा उजेड छतावर पसरतो आणि सगळी खोली उजळतो. काचेच्या मापाचा पुठ्ठा कापा, खोलीकडची बाजू काळी आणि हॉलकडची बाजू भिंतीच्या रंगाची ठेवा आणि खाचेत नुसता दाबून बसवा. काढता-घालता येतो, डाग पडत नाही. हा झरोका उघडणारा असेल आणि कूलरची हवा तिथूनच बाहेर जात असेल तर तो बंद करू नका. त्याच्यासमोर चार बोटे अंतर सोडून पुठ्ठा टांगा, म्हणजे उजेड अडतो आणि हवा कडेने निघून जाते.

किल्लीच्या भोकाला फिरते पितळी झाकण मिळते. तोवर कागदाची सुरळी चालेल.

गुलमंडी, औरंगपुरा भागातल्या जुन्या घरांतल्या दोन झडपांच्या सागवानी दारांना चिकटपट्टी किंवा स्क्रू लावू नका. जुने पॉलिश एकदा निघाले की तसे परत होत नाही. अशा दारांत एका झडपेवर मधोमध उभी, पुष्कळदा नक्षीदार पट्टी असते. ती मधली फट झाकण्यासाठीच असते, म्हणून पट्टीची झडप नंतर लागेल याकडे लक्ष द्या. बाकीचे काम पडद्यावर सोपवा.

आतला पडदा

खरे सांगायचे तर एकच उपाय करायचा असेल तर मी हा सांगेन. दारावर आतून, चौकटीच्या वर दांडी लावा आणि दोन्ही बाजूंना वीतभर जास्त रुंद, फरशीला जेमतेम टेकणारा पडदा टाका. बाहेरच्या बाजूला घराला शोभेल ते कापड, आतून गडद जुन्या चादरीचे अस्तर. खालची, वरची, कडेची अशा सगळ्या फटींचा उजेड पडद्यावर येऊन थांबतो. हवा पडद्याच्या कडेने आणि वरून निघून जाते. दाराला काहीच चिकटत नाही, घरमालकाची हरकत येत नाही, दिवसा पडदा बाजूला सारला की दार पूर्वीसारखे. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांसाठी, जी बजाजनगर-रांजणगाव भागात खूप आहेत, हाच पडदा पलंगाभोवती लावता येतो. तेवढीही जागा नसेल तर सुती डोळपट्टी वापरा. ती डोळ्यांवर दाब देणारी नसावी.

देवघरातली समई किंवा निरांजन पडद्यापासून दूर हवे.

अंधार कुणाला नको

साठी-पासष्टीच्या पुढच्या माणसाला, मोतीबिंदू असलेल्याला किंवा रात्री दोन-तीनदा लघवीला उठणाऱ्याला मिट्ट अंधार धोकादायक आहे. या वयात पडून मांडीचे हाड मोडणे हे कमी झोपेपेक्षा कितीतरी वाईट. त्यांच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत गुडघ्याच्या खाली, पिवळसर-लालसर, अगदी मंद दिवा ठेवा. चाहूल लागल्यावरच पेटणारा असेल तर उत्तम.

लहान मूल अंधाराला घाबरत असेल तर त्याच्याशी भांडू नका, असाच मंद दिवा त्यालाही चालेल. रात्री दिवा लावल्याने मुलांना चष्मा लागतो, असे अजूनही काही पालक विचारतात. १९९९ सालच्या एका अभ्यासाने तसे सुचवले होते. पुढच्याच वर्षी झालेल्या इतर अभ्यासांत तो संबंध आढळला नाही.

दार आतून कडी लावून झोपण्याचीही गरज नसते. नुसते लोटलेले दार, वर पडदा, एवढे पुरते.

अंधार केला, तरी झोप नाही

पाळीवर काम करणाऱ्याने अंधार झोपेपुरताच ठेवावा. उठल्यावर पडदे पूर्ण उघडा, थोडे उन्हात या. दिवसभर अंधाऱ्या खोलीत पडून राहिल्याने घड्याळ आणखी बिघडते आणि मनही खचते. सकाळी घरी येताना गडद चष्मा घातला तर झोप लवकर लागते असे सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पण तुम्ही स्वतः दुचाकी चालवत असाल आणि आधीच पेंगत असाल तर तो घालू नका. कंपनीच्या बसने येणाऱ्यांसाठी तो उपाय ठीक.

खोली अंधारी, शांत आणि हवेशीर करून दोन-तीन आठवडे झाले, तरी दिवसाला पाच तासही झोप मिळत नसेल, कामावर डुलकी लागत असेल, घोरण्यात श्वास अडकतो असे घरच्यांनी सांगितले असेल, पाय सतत हलवावेसे वाटत असतील किंवा मन उदास राहत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. साखर आणि रक्तदाब त्याच भेटीत तपासून घ्या. येताना आठवडाभराची नोंद आणा: कोणती पाळी होती, किती वाजता पडलात, किती वाजता उठलात, मध्ये किती वेळा जाग आली. मेडिकलमधून कुणाच्या तरी नावावर आणलेली झोपेची गोळी सुरू केली असेल तर तिचे पाकीटही आणा आणि ती स्वतःहून एकदम बंद करू नका.